चलाला नाव ठेवताना

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचेच अंतर आहे. पहिले काम बारशाच्या दिवशी करतात. दुसरे, बारशाचे जेवण जेवून घरी परतताना. संगणकाचा प्रोग्राम लिहावयास शिकणारा विद्यार्थी पहिले काम घाईने उरकतो, आणि मग त्याच्या प्रोग्रामला नावे ठेवण्याची पाळी शिक्षकावर येते. या पाठात त्या पहिल्या कामाविषयी चार गोष्टी सांगाव्यात असे आम्ही योजिले आहे.

वाचक बंधुभगिनींपैकी काहींना वाटेल, की या वयात आपल्याला प्रोग्रामशी काय कर्तव्य? पण इंग्लंडात सप्टेंबर २०१४ पासून ‘कॉम्प्युटिंग’ हा विषय अगदी पाच वर्षांच्या मुलांपासून अभ्यासक्रमात आला आहे, आणि सात ते अकरा वर्षांच्या मुलांनी प्रोग्राममध्ये चल वापरावयास शिकावे असे त्यात लिहिलेले आहे. म्हणजे रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून नातवंड विचारणार, “आजोबा, हे का चालत नाही?” आणि आई-बाप कामात असणार. आम्ही पुष्कळ वर्षे गणित शिकविले. त्या अनुभवावरून सांगतो, की ‘माझ्या डोक्यात हे शिरत नाही’ असे ज्या मुलाला वाटू लागते त्याचा विचार पुष्कळदा बरोबर असतो. चुकलेले असते ते नाव. विचाराची चूक कोणती आणि नावाची कोणती, हा भेद कोणी वेळेवर दाखविला नाही तर मूल तो विषयच सोडून देते. नाव सुधारणे पाच मिनिटांचे काम आहे. गेलेला विश्वास परत आणावयास मात्र वर्ष लागते, आणि कधी येतही नाही.

प्रथम चल म्हणजे काय ते पाहू. आपल्या फळीवर डबे असतात, त्यांवर चिठ्ठ्या असतात: हळद, धने, जिरे. चिठ्ठी तीच राहते, डब्यातला माल कमी-जास्त होतो. संगणकाच्या स्मृतीत असाच डबा असतो आणि चिठ्ठीवरच्या नावाने आपण तो मागवितो. त्या डब्यालाच चल म्हणावयाचे. मनुष्य आणि संगणक यांत फरक एवढाच, की आपण ‘हळद’ऐवजी ‘हाळद’ म्हटले तरी घरची माणसे समजून घेतात. संगणक समजून घेत नाही. त्याला हळदीचा वासही येत नाही. तो फक्त चिठ्ठी वाचतो.

या चिठ्ठ्या पूर्वी नव्हत्याच, आणि ती हकीकत आमच्या मँचेस्टरचीच आहे. २१ जून १९४८ रोजी येथील विद्यापीठात फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल यांनी बांधलेल्या यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठविलेला प्रोग्राम जगात प्रथम चालविला. त्या यंत्राचे लाडके नाव ‘बेबी’. त्याच्या स्मृतीत फक्त ३२ ओळी होत्या. तो पहिला प्रोग्राम १७ आज्ञांचा होता. २,६२,१४४ या संख्येचा, ती संख्या स्वतः सोडून, सर्वांत मोठा विभाजक त्याने ५२ मिनिटांत शोधून काढला. उत्तर १,३१,०७२. त्यात कशालाही नाव नव्हते. ‘विसाव्या खणातली संख्या घे, एकविसाव्यातल्या संख्येतून वजा कर’ अशा थाटाचा सारा कारभार. लिव्हरपूल रोडवरील विज्ञान-उद्योग संग्रहालयात असलेली, १९९८ साली बांधलेली त्या यंत्राची प्रतिकृती पाहिली, म्हणजे हिरव्या पडद्यावरचे ते ठिपके पाहून कोणता ठिपका कशाचा हे लक्षात ठेवणाऱ्यांची धन्य वाटते.

१९५१ साली फेरांटी कंपनीने विद्यापीठाला पूर्ण आकाराचे यंत्र दिले. त्यासाठी अॅलन ट्युरिंग यांनी प्रोग्राम लिहिणाऱ्यांकरिता पुस्तिका तयार केली. तिची पद्धत अशी, की शून्यापासून ३१ पर्यंतच्या आकड्यांना तारायंत्राच्या खुणा द्यावयाच्या: शून्याला तिरपी रेघ, ३१ ला पौंडाचे चिन्ह, मधल्यांना इतर अक्षरे, आणि संख्या लिहावयाची उलटी, लहान स्थानापासून मोठ्याकडे. ही बत्तीस चिन्हांची उजळणी लोक पाढ्यांसारखी पाठ करीत. शून्ये पुष्कळ असल्यामुळे कागदभर तिरप्या रेघाच रेघा दिसत, आणि खिडकीवर आपटणारा मँचेस्टरचा पाऊस तो हाच, असे केंब्रिजकर गमतीने म्हणत. पाऊस अजून तसाच आहे.

या त्रासातून सुटका करण्याचा पहिला प्रयत्नही येथल्याच यंत्रावर झाला. १९५२ साली अॅलिक ग्लेनी यांनी, आणि १९५४ साली टोनी ब्रुकर यांनी अधिक सोपी अशी ‘ऑटोकोड’ पद्धत काढली. ब्रुकर यांच्या पद्धतीत अपूर्णांकी संख्यांना ‘व्ही १’, ‘व्ही २’, ‘व्ही ३’ आणि पूर्णांकांना ‘एन १’, ‘एन २’ अशी नावे होती. खणाचे पत्ते सांभाळण्याची कटकट गेली, ही केवढी सोय! तरीपण ‘व्ही १७’ म्हणजे व्याजाचा दर की पुलावरचा भार, हे प्रोग्रामात कोठेच दिसत नसे; ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवणे भाग होते. तो कागद हरवला की प्रोग्राम मुका झाला म्हणून समजावे. आजचा विद्यार्थी ‘ए १’, ‘ए २’, ‘ए ३’ अशी नावे ठेवतो तेव्हा तो नकळत सत्तर वर्षे मागे जातो. त्या काळी यंत्राची तेवढीच ताकद होती. आजच्या मुलाला तशी सबब नाही.

येथे आपल्या महाराष्ट्राचा एक दाखला द्यावासा वाटतो. आपण मराठी शाळेत ‘क्ष मानू’ असे म्हणून गणित सोडवावयास बसत होतो. पाश्चात्त्य बीजगणितात ज्ञात राशींना आरंभीची अक्षरे आणि अज्ञातांना शेवटची अक्षरे, हा शिरस्ता १६३७ साली देकार्त यांनी पाडला. त्याच्या जवळजवळ पाच शतके आधी, ११५० साली, भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथाच्या बीजगणित या भागात अज्ञातांना नावे दिलेली आहेत. (त्यांच्या नातवाचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे, तो डॉ. भाऊ दाजींनी उजेडात आणला.) पहिल्या अज्ञाताचे नाव ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जेवढे तेवढे’. पुढच्यांना रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना फक्त पहिले अक्षर घ्यावयाचे: या, का, नी, पी, लो. ज्ञात संख्येपुढे ‘रू’, वर्गासाठी नावाला ‘व’ जोडावयाचा, घनासाठी ‘घ’. या पाच अक्षरांकडे नीट पाहावे. एकही दुसऱ्यासारखे दिसत नाही, ऐकूही येत नाही. नाव लहान असले तरी हरकत नाही, पण शेजारच्या नावाशी त्याची गल्लत होता कामा नये, हे त्यांनी सांभाळलेले आहे.

हेच तत्त्व न सांभाळल्यामुळे काय होते ते १९८० नंतर घरोघरी आलेल्या लहान संगणकांनी दाखविले. शाळांतून बीबीसी मायक्रो होता, घरांतून स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४. यांपैकी कमोडोरच्या बेसिक भाषेत चलाचे नाव कितीही लांब लिहिता येई, पण यंत्र त्यातली पहिली दोनच अक्षरे ओळखी! ‘प्राइस’ आणि ‘प्रॉफिट’ ही दोन्ही इंग्रजी नावे ‘पीआर’ने सुरू होतात, म्हणून यंत्राला ती एकच. दुकानाचा हिशेब करणाऱ्या मुलाने किंमत भरली, मग नफा भरला, की किंमत पुसली जाई, आणि यंत्र एका शब्दाने तक्रार करीत नसे. दुसरी गंमत अशी, की ‘स्कोअर’ या शब्दाच्या इंग्रजी अक्षरांत मधोमध ‘ओआर’ हा ‘किंवा’ या अर्थाचा शब्द दडलेला आहे. तो यंत्राला दिसे आणि ‘वाक्यरचना चुकली’ असा शेरा येई. खेळात गुण मोजावयाचे नाहीत तर काय मोजावयाचे, असा पोरांना प्रश्न पडे. आजच्या भाषांत ही दोन्ही संकटे उरलेली नाहीत. तथापि पहिली काही अक्षरे सारखी असलेली नावे टाळावीत हा धडा कायम आहे, कारण यंत्र आता सर्व अक्षरे वाचते, पण दमलेला मनुष्य अजून पहिली दोनच वाचतो.

आता आजच्या मुलांकडे वळू. प्राथमिक शाळेत बहुतेक ‘स्क्रॅच’ असते आणि पुढे ‘पायथन’. पायथन ही भाषा १९९१ साली बाहेर आली. तिच्या २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची नावे देवनागरीत ठेवता येतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. भाषेचे ठरीव शब्द मात्र रोमन लिपीतच हवेत. आम्ही खाली ते आपल्या सोयीसाठी देवनागरीत छापीत आहोत. आकड्यांचेही तसेच: नावाच्या आत देवनागरी आकडा चालतो, पण हिशेबातली संख्या इंग्रजी आकड्यांनीच टाईप करावी लागते. यंत्रावर बसताना एवढे ध्यानात असू द्यावे.

समजा, तीन घरांनी नारळ आणले आहेत आणि बेरीज करावयाची आहे:

एकूण = ०
फॉर नारळ इन [५, ७, ३]:
    एकुण = एकूण + नारळ
प्रिंट(एकूण)

उत्तर १५ यावयास हवे. येते शून्य. यंत्र थांबत नाही, कुरकुर करीत नाही, लाल अक्षरे दाखवीत नाही. चूक तिसऱ्या ओळीत आहे. तेथे डावीकडे ‘एकुण’ असा ऱ्हस्व उकार पडला आहे. बरोबर चिन्हाच्या डावीकडे नवे नाव दिसले की पायथन नवा डबा काढतो आणि त्यावर ती चिठ्ठी लावतो. मग बेरीज त्या नव्या डब्यात जाते आणि जुना डबा रिकामा राहतो. हीच चूक उजवीकडे झाली असती, तर ‘या नावाचा डबाच नाही’ म्हणून यंत्र तेथल्या तेथे थांबले असते. २०२१ सालच्या आवृत्तीपासून तर ‘आपणांस हे तर म्हणावयाचे नव्हते ना?’ असे जवळचे नावही ते सुचविते. म्हणून मुलांना हे पक्के सांगावे: वाचताना चुकलेले नाव यंत्र पकडते, लिहिताना चुकलेले नाव पकडीत नाही. उत्तर विचित्र आले आणि यंत्राने मात्र तक्रार केली नाही, तर प्रथम बरोबर चिन्हांच्या डावीकडची नावे एकेक करून वरपासून खाली तपासावीत. आमच्या समजुतीप्रमाणे शिकाऊ मुलांचा निम्मा रुसवा एवढ्याने निघतो.

इंग्रजी नावांत हीच भानगड मोठ्या आणि लहान अक्षरांनी होते. ‘टोटल’चा पहिला टी मोठा लिहिला की पायथनच्या लेखी तो दुसराच गृहस्थ. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत, पण ऱ्हस्व-दीर्घ आहे, अनुस्वार आहे, आणि ‘माणसे’ लिहावे की ‘माणसं’ हा वादही आहे. आमच्या शाळेत शुद्धलेखनाचे दहा गुण असत आणि ते फुकट आहेत अशी मुलांची समजूत असे. त्या दहा गुणांचा संगणकावर असा उपयोग होईल असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. आणखी एक सूक्ष्म अडचण सांगून ठेवतो. ‘दुसऱ्या’ यातला अर्धा र काही कळफलकांवर एक अदृश्य जोडखूण घालून उमटतो. डोळ्याला ती दिसत नाही, पायथनला दिसते, आणि नावात ती तो खपवून घेत नाही. म्हणून असे शब्द नावात न घातलेले बरे.

अक्षराच्या चुकीने किती दूरवर जाता येते याची दोन उदाहरणे अमेरिकेतली आहेत. १९५७ साली आलेल्या फोरट्रान भाषेत चल आधी जाहीर करण्याची सक्ती नव्हती. आयपासून एनपर्यंतच्या अक्षरांनी सुरू होणारे नाव पूर्णांकाचे, बाकीची अपूर्णांकी, असे यंत्रच ठरवी. शिवाय शब्दांमधल्या मोकळ्या जागा ती भाषा मोजीत नसे. ‘आय हा १ पासून १० पर्यंत फिरव’ अशा आज्ञेत स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडले तर काय व्हावे? ‘डू’, ‘१०’ आणि ‘आय’ हे शब्द एकमेकांना चिकटून ‘डीओ१०आय’ असे कधी न ऐकलेले नाव तयार होई आणि त्यात एक पूर्णांक एक दशांश हा आकडा जाऊन बसे. फेरी मुळी होतच नसे. नासाच्या मर्क्युरी योजनेच्या काळात कक्षा काढण्याच्या एका प्रोग्राममध्ये हे झाले होते. सुदैवाने वेळीच सापडले. पुढे १९९१ च्या सुमारास या भाषेच्या प्रमाण आवृत्तीत ‘न सांगितलेले नाव मान्य करू नये’ अशी आज्ञा आली.

दुसरे उदाहरण लोक पहिल्याशी मिसळून सांगतात, पण ते निराळे आहे. २२ जुलै १९६२ रोजी शुक्राकडे निघालेले मरिनर १ हे यान उडाल्यावर २९३ सेकंदांनी भरकटल्यामुळे नष्ट करावे लागले. मार्गदर्शनाच्या समीकरणात एका अक्षरावर आडवी रेघ होती. रेघ म्हणजे ‘सरासरी काढून गुळगुळीत केलेली किंमत’. रेघ नाही म्हणजे ‘जशी आली तशी’. हाताने उतरवून घेताना ती रेघ राहून गेली. यंत्रसामग्रीत बिघाड झाला तेव्हाच ही चूक उघडी पडली, आणि यान नसलेल्या धक्क्यांना दुरुस्त करीत सुटले. अक्षरावरच्या एका खुणेने अर्थ पालटतो हे अनुस्वार शिकलेल्या माणसाला नवलाचे वाटू नये; ज्यांनी हिब्रू वाचताना अक्षराखालच्या खुणा शिकल्या आहेत त्यांना तर नाहीच. आम्ही यातून एवढेच घेतो, की ‘वेग’ आणि ‘सरासरी_वेग’ ही दोन नावे पूर्ण लिहावीत. एका रेघेवर भिस्त ठेवू नये.

नाव बरोबर लिहिलेले असले तरी ते पुरेसे सांगते का, हा पुढचा प्रश्न. विशेषतः मापाच्या बाबतीत. ‘पौंड = ५’ असे लिहिले तर ते पैसे की वजन? आपल्या पिढीने शेर, पायली, तोळा पाहिले, मग किलो. आणे-पै यांच्या गोष्टी ऐकल्या, मग नवे पैसे. आणि या देशात आलो तो येथले लोक १९७१ साली सोडून दिलेल्या शिलिंगांच्या आठवणी काढीत. माप न सांगता आकडा सांगणे किती घोटाळ्याचे आहे हे आपल्याला दुसऱ्याने शिकवावयास नको. तरीसुद्धा २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ नासाचे एक यान नाहीसे झाले ते याच कारणाने: एका बाजूचा प्रोग्राम जोराचा आकडा इंग्रजी पौंडांत देत होता, दुसरी बाजू तो न्यूटनमध्ये आहे असे धरून चालली होती. दोन्ही बाजू हुशार माणसांच्या होत्या. म्हणून ‘वजन_किलो’, ‘किंमत_पेन्स’, ‘वेळ_मिनिटे’ असे माप नावातच घालावे. नाव लांबते, लांबू द्यावे.

शब्द जोडताना मध्ये खालची रेघ द्यावी, संयोगचिन्ह देऊ नये. ‘पोहे-ग्रॅम’ असे लिहिले तर यंत्र पोह्यांतून ग्रॅम वजा करावयास निघते. मोकळी जागाही चालत नाही, आणि नावाची सुरुवात आकड्याने करता येत नाही. हे नियम यंत्र स्वतःच ओरडून शिकविते, म्हणून त्यांवर अधिक शाई खर्च करीत नाही.

त्याहून वाईट चूक म्हणजे भाषेच्या घरातलेच नाव उचलणे. पायथनमध्ये बेरीज करणारे ‘सम’ नावाचे साधन तयार असते. मुलाने ‘सम = ०’ असे लिहिले की ते साधन त्या प्रोग्रामपुरते झाकले जाते, आणि चार ओळींनंतर ‘सम’ला बेरीज करावयास सांगितले की यंत्र म्हणते, ही तर संख्या आहे, हिला काम सांगता येत नाही. ‘लिस्ट’, ‘मॅक्स’, ‘इनपुट’ यांचेही तेच. आणि एक खास फजिती: कासवाकडून चित्रे काढून घेण्याचे ‘टर्टल’ नावाचे साधन शाळेत शिकवितात. मूल आपल्या पहिल्या फाईलला हौसेने ‘टर्टल’ हेच नाव देते. मग ‘टर्टल घेऊन ये’ म्हटल्यावर पायथन दारातल्या दारात त्या मुलाचीच फाईल उचलतो आणि खरे कासव सापडत नाही. शाळेतल्या संगणकावर चालणारा प्रोग्राम घरी का चालत नाही असे नातवंडाने विचारले, तर आधी फाईलचे नाव पाहावे.

एका अक्षराची नावे, जसे ‘एल’, ‘ओ’, ‘आय’, इंग्रजीत एक आणि शून्य यांसारखी दिसतात; पायथनच्या शैलीपत्रकातच ती वर्ज्य सांगितली आहेत. पण म्हणून एकाक्षरी नाव कधीच नको असे म्हणणारे अतिरेकी असतात, त्यांच्या आम्ही बाजूचे नाही. सूत्रातला क्ष क्षच राहू द्यावा. दोन ओळींच्या फेरीत मोजणीसाठी एक अक्षर पुरे. नाव जितका वेळ लक्षात ठेवावे लागेल तितके ते बोलके असावे.

एकवचन-अनेकवचनाचा प्रश्न मराठीत मजेदार आहे. इंग्रजीत एक पाहुणा ‘गेस्ट’ आणि पुष्कळ पाहुणे ‘गेस्ट्स’. एका एसचा फरक आणि तो डोळ्याला दिसत नाही. मराठीत ‘पाहुणा’ आणि ‘पाहुणे’ बरे वेगळे दिसतात. पण नारळ? एक नारळ, दहा नारळ. दिवस, लाडू यांचेही तसेच. म्हणून यादी असेल तर ‘नारळ_यादी’, संख्या असेल तर ‘नारळ_संख्या’ असे म्हणावे. वरच्या उदाहरणात ‘नारळ’ चालले, कारण प्रोग्राम चार ओळींचा होता.

नाव खोटे पडणे हा प्रकार मुलांपेक्षा मोठ्यांत जास्त. येथे आपल्या घरांत मार्मलेडच्या बरणीत लिंबाचे लोणचे असते आणि आइस्क्रीमच्या डब्यात मटणाचा रस्सा. घरच्यांना ठाऊक असते. पाहुण्याचा मुलगा आनंदाने डबा उघडतो आणि तोंड पाडतो. प्रोग्राममध्ये ‘पाहुणे’ या चलात प्रथम आमंत्रितांची संख्या ठेवावयाची, मग त्यातून न येणारे वजा करून तीच परत त्याच नावात, मग लहान मुले वगळून पुन्हा त्यातच; सहा ओळींनी ‘पाहुणे’ म्हणजे नक्की कोण, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. ‘आमंत्रित’, ‘येणारे’, ‘मोठी_माणसे’ अशी तीन नावे घ्यावीत. डब्यांना पैसे पडत नाहीत.

आता एकाच नावाच्या दोन व्यक्ती. कुलाब्यातल्या आपल्या गावांत सॅम्युएल, डेव्हिड, अब्राहाम ही नावे किती घरांत असत ते आठवावे. गावात असेतो ‘अमक्याचा सॅम्युएल’ म्हणून भागले. मुंबईला आल्यावर पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर अशी ओळख लागली. प्रोग्राममध्येही तसेच असते. मुख्य प्रोग्राममध्ये एक ‘एकूण’ आहे आणि एखाद्या छोट्या कार्यभागाच्या आत दुसरा ‘एकूण’ आहे, तर ते दोन वेगळे. प्रत्येक घरात ‘बाबा’ असतात आणि प्रत्येक घरात ते वेगळे असतात, त्यात कोणाचा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो एका घरातल्या मुलाने ‘बाबा’ म्हणून हाक मारावी आणि शेजारच्या बाबांनी ओ द्यावी अशी अपेक्षा ठेवली म्हणजे. मुलाने कार्यभागाच्या आत ‘एकूण’ बदलला आणि बाहेरचा तसाच राहिला, की ते यंत्रावर रागावते. स्क्रॅचमध्ये चल तयार करतानाच यंत्र विचारते: हा सर्व पात्रांसाठी की या एका पात्रासाठी? मुले न वाचता पुढे जातात. तेथे थांबवून वाचावयास लावावे.

नाव बदलावयाचे ठरले तर ते सर्वत्र बदलले पाहिजे. स्क्रॅच हे आपोआप करते. इतरत्र ‘शोधा आणि बदला’ ही सोय वापरताना जपावे. समजा, ‘कर’ नावाचा चल आहे आणि त्याच्या जागी ‘व्हॅट’ घालावयाचे आहे. यंत्राला ‘पूर्ण शब्दच पाहा’ असे बजावले नाही, तर यादीतले सगळे पेणकर एका क्षणात पेणव्हॅट होतात आणि रोहेकर रोहेव्हॅट.

स्वाध्याय म्हणून खालचा प्रोग्राम घरी मुलांपुढे ठेवावा. मलिद्यासाठी पोहे किती घ्यावेत ते काढावयाचे आहे. तीन घरांतून १०, १२ आणि १८ माणसे येणार, आणि माणशी ५० ग्रॅम धरले आहेत. यात चार दोष आहेत. तीन यंत्राला सापडतील, एक सापडणार नाही.

१ली_यादी = [१०, १२, १८]
माणसे = सम(१ली_यादी)
पोहे-ग्रॅम = ५०
पोहे = माणसं * पोहे_ग्रॅम
पोहे = पोहे / १०००
प्रिंट(पोहे)

पहिल्या ओळीत नाव आकड्याने सुरू झाले आहे. तिसरीत संयोगचिन्ह आहे. चौथीत ‘माणसे’चे ‘माणसं’ झाले. यंत्राला न सापडणारा दोष पाचव्या ओळीत आहे: चौथ्या ओळीत ‘पोहे’ ग्रॅममध्ये होते, पाचवीत किलोत झाले, आणि नाव तेच राहिले. मधे कोणी एक ओळ घातली तर ती कोणत्या मापावर चालेल हे सांगता येणार नाही. दुरुस्त केल्यावर तो असा दिसावा:

घरवार_माणसे = [१०, १२, १८]
माणसे = सम(घरवार_माणसे)
माणशी_पोहे_ग्रॅम = ५०
पोहे_ग्रॅम = माणसे * माणशी_पोहे_ग्रॅम
पोहे_किलो = पोहे_ग्रॅम / १०००
प्रिंट(पोहे_किलो)

उत्तर २.० येते, म्हणजे चाळीस माणसांना दोन किलो. मुलाने ‘माणसे’ आणि ‘माणशी’ ही दोन नावे फार जवळची आहेत अशी हरकत घेतली तर ती मान्य करावी, आणि ‘माणशी_पोहे_ग्रॅम’ऐवजी ‘एका_वाट्याचे_ग्रॅम’ लिहू द्यावे.